बाबांनी पैसे परत केले, कारण ते त्यांचे नव्हते

पत्र थोडं लहान करून देतेय:

"ताई, बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत. सांगलीला आई आणि ते दोघंच असतात, मी ठाण्यात आणि भाऊ बेंगळुरूला. लॉकडाऊनमध्ये मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला होता. गेल्या मंगळवारी दुपारी दोनला फोन आला, विंडोजच्या टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या लॅपटॉपमधून व्हायरस पसरतोय. हिंदी-इंग्लिश मिक्स, एकदम अदबीनं, सर सर करत. एक लिस्ट उघडून लाल खुणा दाखवल्या, एनीडेस्क (लांबून लॅपटॉप चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं आणि तीन वर्षांच्या सिक्युरिटीचे ४,९९९ डेबिट कार्डवरून घेतले. दुसऱ्या दिवशी परत फोन, कंपनी सर्व्हिस बंद करतेय, रिफंड देतो. नेटबँकिंग उघडायला लावलं आणि स्क्रीनवर ४९,९९० जमा दिसले. तो मुलगा रडायलाच लागला, सर एक झिरो जास्त पडला, माझी नोकरी जाईल. बाबांनी ४४,९९१ त्यानं दिलेल्या अकाउंटवर परत पाठवले. आम्हाला शनिवारी कळलं, तेही बाबांनी फोनवर सहज विचारलं म्हणून, की रिफंड चुकून जास्त आला आणि आपण परत केला तर बँक आपल्यावर केस करते का. भाऊ खूप ओरडला त्यांच्यावर. आता बाबा लॅपटॉपला हात लावत नाहीत, जेवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. फोन अजून येतायत. पैसे मिळतील का, लॅपटॉपचं काय करू आणि बाबांशी काय बोलू?"

तू मला ताई म्हटलंस म्हणून मी अगंतुगंच करते. पत्र आलं त्याच दिवशी मी तुला दोन ओळींचा मेसेज टाकला होता की आधी १९३० ला फोन लाव, बाकी नंतर बोलू. तो लावला असशील असं धरून पुढचं लिहितेय, आणि नसेल लावला तर हे वाचायचं थांबव आणि आधी लाव.

पैशांचं पहिलं सांगते कारण तिथे वेळेला किंमत आहे. १९३० हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. तिथे बाबांच्या अकाउंटवरून पैसे कुठल्या अकाउंटला गेले, किती वाजता, ट्रॅन्झॅक्शन नंबर काय हे सांगितलं की ते समोरच्या बँकेला कळवतात आणि तिथे पैसे शिल्लक असतील तर ते अडकवून ठेवता येतात. पहिल्या एक-दोन तासांत फोन केला तर सगळ्यात बरं, कारण हे लोक पैसे एका अकाउंटमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे फिरवत एटीएममधून काढून मोकळे होतात. तुमचे तीन-चार दिवस गेलेत. म्हणजे ४४,९९१ परत येण्याची आशा कमी आहे, तुला खोटा धीर देणार नाही, पण कमी आहे म्हणून तक्रार सोडायची नाही, कारण त्याच अकाउंटवर आणखी कुणाकुणाचे पैसे आलेले असतात आणि तुमच्या तक्रारीनं ते अकाउंट बंद पडलं तर पुढच्या कुणाचे तरी वाचतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार पण टाका, तिचा नंबर जपून ठेवा, आणि सांगलीच्या सायबर पोलिसांकडे त्याची प्रिंट घेऊन जा. दुसऱ्याचं नाव-खातं सांगून कॉम्प्युटरवरून फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ डी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, तेव्हा "तुम्हीच पाठवलेत ना पैसे, मग कसला गुन्हा" असं कुणी म्हणालं तर हे कलम सांगा.

ते ४,९९९ मात्र वेगळे धरा. ते कार्डवरून गेलेत, त्यामुळे बँकेत कार्ड डिस्प्यूटचा फॉर्म भरता येतो, फसवून घेतलेलं पेमेंट आहे असं लिहून. दोन्ही रकमा एका अर्जात कोंबू नका, बँकेत त्यांची टेबलं वेगळी असतात आणि मग एकाच्या नादात दुसरं राहून जातं.

बँक तुला बहुतेक सांगेल की ग्राहकानं स्वतः ओटीपी टाकला, आम्ही काही करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही असं म्हटलंय, पण ग्राहकानं स्वतःच माहिती दिली किंवा पैसे पाठवले तर कळवण्याआधीचं नुकसान त्याच्याकडेच राहतं. बाबांची केस त्या दुसऱ्या बाजूला पडते, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्याच परिपत्रकात हेही आहे की कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, म्हणून "आम्ही अमुक तारखेला अमुक वाजता कळवलं" याचा लेखी पुरावा हातात हवाच, नुसतं काउंटरवर सांगून येऊ नका. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही.

आता बाबांना नेमकं काय दाखवलं ते तुला सांगते, आणि तू ते बाबांना सांगायचंयस, शक्यतो लॅपटॉपसमोर बसून.

ती लाल खुणांची लिस्ट म्हणजे विंडोजमधली इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही. आपल्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं ना तसं विंडोज दिवसभर काय झालं ते त्यात लिहीत असतं, प्रिंटर सापडला नाही, नेट गेलं, एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, आणि प्रत्येक बारीक गोष्टीला एरर नाहीतर वॉर्निंग असा शिक्का मारतं. दुकानातून आज आणलेल्या कोऱ्या लॅपटॉपमध्येही लाल-पिवळ्या खुणा निघतात. मी माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितलं, शेकड्यानं होत्या, आणि तो व्यवस्थित चालतोय. पण ज्यानं ती लिस्ट आयुष्यात कधी पाहिली नाही त्याला फोनवरचा माणूस "सर देखिए कितना इन्फेक्शन है" म्हणाला की पोटात गोळा येणारच.

दुसरी एक युक्ती मला विशेष चीड आणणारी वाटते. काळी खिडकी उघडतात, त्यात एक कमांड द्यायला लावतात आणि ८८८ नं सुरू होणारा एक लांबलचक नंबर दाखवतात, म्हणतात हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स आयडी, माझ्याकडेही हाच आहे, लिहून घ्या आणि जुळवून बघा. जुळतोच. कारण तो नंबर लायसन्सचा नाहीच, झिप फोल्डरच्या एका सोयीचा अंतर्गत क्रमांक आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर तो एकच असतो. क्लार्क माणसाला नंबर जुळला की विश्वास बसतो, आयुष्यभर त्यानं तेच केलेलं असतं, फाइल नंबर जुळला की कागद खरा. तिसरी, त्याच काळ्या खिडकीत फॉरेन अ‍ॅड्रेस असं लिहिलेली यादी काढतात आणि सांगतात परदेशातले हॅकर घुसलेत. त्या फॉरेनचा परदेशाशी काही संबंध नाही, लाइनच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता एवढाच अर्थ. हे बाबांच्या बाबतीत केलं होतं का ते विचार, केलं असणार.

आणि ते ४९,९९०. तुझ्या मनात असेल की पैसे खरंच आले होते आणि मग परत गेले, तर तसं काही झालं नाही. ब्राउझरमध्ये समोर दिसणाऱ्या पानावरचा कुठलाही आकडा आपल्या पुरता बदलता येतो, बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये काही होत नाही, फक्त आपल्या स्क्रीनवर शाई फिरवल्यासारखं. त्यासाठी एखाद मिनिट त्यांना बाबांची नजर दुसरीकडे हवी असते, म्हणून ते स्क्रीन काळी करतात किंवा "सर मोबाइल में फॉर्म का मेसेज आया क्या देखिए" असं काहीतरी काम लावून देतात. पान रिफ्रेश केलं असतं तर जुना आकडा परत आला असता, आणि म्हणूनच ते रिफ्रेश करू देत नाहीत. पासबुक भरून आणा म्हणजे बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल की जमा बाजूला ४९,९९० कधी नव्हतेच. हे दिसणं त्यांना गरजेचं आहे, कारण तू लिहिलंयस त्यावरून त्यांना अजूनही भीती वाटतेय की आपण कुणाच्या तरी पैशात काहीतरी गडबड केली.

इथेच मला तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. तुझ्या बाबांना हावरटपणानं फसवलं नाही. लॉटरी लागली म्हणून नाही, दामदुप्पट म्हणून नाही. समोर चुकून आलेले पैसे दिसले आणि त्यांनी विचार केला की हे आपले नाहीत, एका पोराची नोकरी जाईल, परत केले पाहिजेत. ज्या माणसानं चाळीस वर्षं सरकारी पैशाचा हिशोब चोख ठेवला त्यानं तेच केलं जे तो नेहमी करत आलाय. त्या लोकांनी आधी ४,९९९ घेतले ते या माणसाला ओळखण्यासाठी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रामाणिकपणाला हात घातला. हे वाक्य तू बाबांना तसंच्या तसं सांगितलंस तरी चालेल. आणि भावाला सांग की त्यानं फोन करून सॉरी म्हणावं, "जाऊ दे झालं ते" असं मोघम नको, "मी ओरडलो ते चुकलं" असं सरळ.

माझ्या मामाचं असंच झालं होतं काही वर्षांपूर्वी, रक्कम छोटी होती, पण घरात सगळ्यांनी इतकं ऐकवलं की पुढच्या वेळी दुसरा फोन आला तेव्हा त्यानं कुणाला सांगितलंच नाही आणि तेव्हा रक्कम छोटी नव्हती. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. तुझ्या बाबांनी निदान तुला विचारलं तरी, बँक केस करते का म्हणून, ती वाट मोकळी राहू दे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीची आणखी एक गोष्ट. समोरचा बोलत असताना फोन ठेवायचा नाही ही त्यांची रीत आहे, त्यातून तो सर सर करतोय, आवाज तरुण पोराचा, तर अर्धा तास ऐकून घेतील पण फोन कट करणार नाहीत. या धंद्याचा सगळा डोलारा तेवढ्यावर उभा आहे. त्यांना लॅपटॉप हॅक करता येत नाही, बाबांच्या हातानंच सगळं करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी बाबा लाइनवर राहायला हवेत. म्हणून बाबांना विंडोजचे बारकावे नाही समजले तरी चालेल, एवढं पक्कं सांग की मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणाला फोन करत नाही, कुणाच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे हे त्यांना तिथे बसून दिसत नाही, तेव्हा असा फोन आला की बोलणं मध्येच तोडून फोन ठेवण्यात उद्धटपणा काही नाही. उत्तर द्यायचं नाही, खडसवायचं नाही, तो कोण ते शोधायचं नाही. कट आणि ब्लॉक.

फोन अजून येतायत म्हणतेस तर ते येत राहणार, आणि आता त्यांचं रूप बदलेल. एकदा पैसे दिलेल्या माणसाचा नंबर या लोकांत पुढे विकला जातो. बहुतेक कुणीतरी आता सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे गेलेले पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार प्रोसेसिंग फी भरा असं सांगेल, किंवा तुमच्या अकाउंटवरून गैरव्यवहार झालाय म्हणून अटकेची धमकी देईल, व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून बसेल. बाबा आधीच केसला घाबरलेत त्यामुळे हा दुसरा फोन मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. पोलीस फोनवर अटक करत नाहीत आणि पैसे परत द्यायला कुणी फी घेत नाही, हे आजच्या आज सांगून ठेव, रविवारी सांगलीला जाशील तेव्हाची वाट बघू नकोस. ते नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, चक्षू नावाच्या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीत टाकता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

"अहो पण हे तर अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना फोन करतात ना" असं मला बरेच जण म्हणतात. करायचे आणि अजूनही करतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली होती, तिथून आपली पोरं अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या टॅक्स खात्याच्या नावानं धमकावत होती, म्हणजे तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र दोन या सायबर फसवणुकीविरुद्धच्या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातल्या काही केसेस मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्याच तक्रारींवरून झाल्या होत्या, त्यांच्या नावानं हाच टेक सपोर्टचा धंदा चालला होता. आणि मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये जी पाहणी केली त्यात भारतातल्या ६९ टक्के लोकांनी वर्षभरात असा काहीतरी प्रकार आपल्याबाबतीत घडल्याचं सांगितलं होतं. तेव्हा बाबाच कसे सापडले असा प्रश्न घरात कुणी विचारू नये.

लॅपटॉपचं आता. रविवारी जाणार आहेस ना, तोपर्यंत तो बंदच राहू दे आणि वायफायला जोडू नका. एनीडेस्क स्वतः वाईट नाही, ऑफिसातली आयटीची माणसं रोज वापरतात, पण त्यात पासवर्ड लावून ठेवला तर समोरून परवानगी न घेताही आत येता येतं, आणि या लोकांनी तो लावून ठेवला असेल असंच धरायचं. बरेचदा ते एक दाखवून टाकतात आणि दुसरं गुपचूप, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असलं काहीतरी. नुसतं अनइन्स्टॉल करून माझं समाधान होत नाही. फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून घे, प्रोग्रामच्या फाइली घेऊ नकोस, आणि मग सेटिंगमधून रीसेट करताना सगळं पुसून टाकायचा पर्याय निवड. दोन-तीन तास जातील, जाऊ देत.

पासवर्ड मात्र त्या लॅपटॉपवरून अजिबात बदलायचे नाहीत, तुझ्या फोनवरून बदल, आणि आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्याच्या चाव्या तिथेच येतात. ईमेलमध्ये रिकव्हरीचा मोबाइल नंबर बाबांचाच आहे ना आणि मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतेय का तेही बघ. मग नेटबँकिंग. कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. बाबांचा मोबाइल पण हातात घेऊन बघ, त्यावर एनीडेस्क किंवा एसएमएस वाचणारं एखादं अ‍ॅप टाकायला लावलंय का, मोबाइल बघायला सगळेच विसरतात. आधार किंवा पॅनचा फोटो पाठवला का विचार, आणि विचारताना आवाज नेहमीचा ठेव म्हणजे ते खरं सांगतील.

कधी कधी फोन न येता स्क्रीनच भरून जाते, भोंगा वाजतो, लाल पाटी येते आणि खाली नंबर असतो की इथे फोन करा. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरायचं, नाहीच गेलं तर पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा, परत चालू केल्यावर जुनी पानं उघडू का विचारलं तर नको म्हणायचं. हे बाबांकडून एकदा करून घे. सिलिंडर किंवा कुरियरचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधणं पण बंद, बिलावर छापलेला असतो तो लावायचा.

लॅपटॉप परत त्यांच्या हातात दे, काढून घेऊ नकोस. आणि एक काम त्यांच्याकडे सोपव, ते तू करू नकोस. तक्रारीचा अर्ज बाबांना लिहू दे. हेडक्लार्क होते ना, त्यांच्याइतका नीट अर्ज तुला किंवा मला जमणार नाही. मंगळवारी दोन वाजल्यापासून काय काय झालं ते तारीख-वेळेसह, कुठल्या नंबरवरून फोन आला, काय बोलला, किती पैसे कुठल्या अकाउंटला, सोबत पासबुकाची झेरॉक्स आणि कॉल लिस्टचा फोटो, खाली सहपत्रे म्हणून यादी. तीन प्रती, एक पोलिसांना, एक बँकेला पोचवर सही-शिक्का घेऊन, एक घरच्या फाइलला. बँकेत त्यांच्यासोबत जा पण बोलू त्यांना दे.

आईला पण या सगळ्यात बसव. दुपारी दोनला त्या झोपलेल्या असतात हे त्या मुलाला माहीत नव्हतं, पण घरात माणूस एकटा जागा असला की असे फोन चालतात, आणि शेजारून "कोणाचा फोन आहे हो?" एवढं कुणी विचारलं असतं तरी कदाचित मंगळवारीच तो फोन संपला असता. दोघांनी एकमेकांना ठरवून सांगू दे, पैशाचं किंवा लॅपटॉपचं काही फोनवर निघालं की दुसऱ्याला उठवायचं, झोपमोड झाली तरी.

रविवारी निघताना मोठा पेन ड्राइव्ह घेऊन जा, फोटो बरेच असतील. आणि बाबांनी लिहिलेला अर्ज झाला की बँकेची पोच मिळाल्याचं मला कळव.